मिठाच्या तीन मुठी

अस्लम सोलकरला बर्फातलं कळतं, हे हर्णे बंदरावर कुणीही सांगेल. कुणी नाही सांगितलं तर तो स्वतः सांगेल. पंचवीस वर्षं त्याने आपल्या पिकअपमधून घाटावर मासळी वाहिली आणि एकही पेटी खराब पोचली नाही, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे दोनदा पोचली होती, पण तो विषय त्याच्यासमोर काढायचा नाही हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी रत्नागिरीच्या इस्पितळाच्या आवारात पुण्याच्या संशोधक नम्रताने एक पांढरी पेटी त्याच्या हातात दिली आणि सह्या करून अर्ध्या तासात येते म्हणून ती आत गेली, तेव्हा तिला काळजी वाटण्याचं काही कारण नव्हतं.

पेटीत अस्लमच्या धाकट्या भावाच्या, अझीमच्या, हृदयाचा तुकडा होता. चिंचोक्याएवढा.

सोलकरांच्या घरात पुरुषांची काळजं जाड होतात. मधला भाऊ चौतिसाव्या वर्षी जाळं ओढता ओढता होडीतच आडवा झाला. अझीमला छत्तिसाव्या वर्षी बंदरावरून घरापर्यंत चालताना दोनदा बसावं लागायला लागलं. त्याच्या हृदयातली भिंत एवढी सुजून जाड झाली होती की रक्ताला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मुंबईहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या सर्जननी त्या सकाळी तिचा तेवढा भाग कापून काढला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. अझीम अतिदक्षता विभागात होता, त्याच्याजवळ एकाच माणसाला बसू देत होते, आणि त्याची बायको हमिदा तिथून हलायला तयार नव्हती.

अस्लमच्या जिवाला घोर होता तो तूबाचा. तूबा त्याची एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची, दापोलीत बारावीला. दिवाळीआधी ती कॉलेजच्या जिन्यावर दोनदा चक्कर येऊन पडली. तिचं हृदय तपासलं तर भिंत अजून नीट होती, जाडबिड काही नाही. पण रक्त तपासलं तेव्हा अझीमच्या एका जनुकात जो बारीकसा बदल सापडला होता, तोच अस्लमकडून तिच्यातही आलेला निघाला, अस्लमला स्वतःला आजवर काही झालं नसलं तरी. आता हा बदल घातक, की नुसताच आपला बापजाद्यांकडून आलेला, निरुपद्रवी? डॉक्टरांनी हात वर केले. असा बदल जगात फार थोड्या लोकांत दिसलाय, म्हणाले, छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या दिवसापासून तूबा जिना चढायला लागली की अस्लमचा श्वास अडकायचा.

मग पुण्याहून नम्रता आली. मूळची गुहागरची, पुण्यात एका संशोधन संस्थेत हृदयाच्या पेशींवर काम करणारी. महिन्यापूर्वी ती हर्ण्याला घरी येऊन, सगळ्यांसमोर चटईवर बसून दोन तास बोलली होती. हृदय म्हणजे काही एकाच जातीच्या पेशींचा गोळा नाही, म्हणाली. त्यात आकसणारे स्नायू असतात, चिवट धागे विणणाऱ्या पेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या असतात. सगळं एकत्र वाटून तपासलं तर कालवण होतं, आणि कालवण चाखून कुठली मासळी बिघडलेली होती ते कळत नाही. म्हणून आम्ही एकेक पेशी वेगळी करतो, एकेका थेंबात एकेक, प्रत्येकीला स्वतःची खूणचिठ्ठी लावतो, आणि मग ती पेशी आपल्या जनुकांतलं काय वाचत होती ते बघतो. स्नायूंच्या पेशी तो जनुक तुटका वाचत असतील तर बदल घातक. नीट वाचत असतील तर तूबाला उगाच घाबरवायला नको. आणि हे संशोधन आहे, उत्तर मिळेलच असं वचन मी देत नाही, हेही तिने दोनदा सांगितलं.

अझीमने संमतीच्या कागदावर सही केली आणि पेन भावाच्या हातात दिलं. "भाय, माझां काय ते कापून टाकतील. ह्यो तुकडा तूबाचा हाय," तो म्हणाला.

ठरलं असं होतं की अर्धा तुकडा जागच्या जागी सुक्या बर्फात गोठवायचा आणि अर्धा जिवंत न्यायचा. पण कुरियरने सुक्या बर्फाची पेटी दोन दिवस कुठेतरी बसवून ठेवली. ती आली तेव्हा आत नुसती हवा होती. सुका बर्फ उडून गेला होता, आणि तापमान नोंदवणारं यंत्र प्रवासभर आपलं इमानेइतबारे चालून बॅटरी संपवून बसलं होतं. तेव्हा नम्रताने अख्खा तुकडा जिवंतच न्यायचं ठरवलं, थंड द्रवाच्या नळीत, भोवती बर्फ. त्यात सकाळी भाड्याच्या गाडीवाल्याचा फोन आला की क्लच गेलाय. अस्लम म्हणाला, माझी पिकअप आहे की. इथल्या बाकावर बसून मी तरी काय करणार?

तर आता पेटी त्याच्या हातात होती. त्याने झाकण जरासं उचललं, नुसतं बघायला म्हणून. आत पाणी होतं. पाण्यात थोडा बर्फ तरंगत होता आणि मध्ये जाळीत ती नळी. अस्लमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या शिकलेल्या पोरी, आणि एवढंही कळू नये? पाणी म्हणजे मासळीचा वैरी, पेटीत पाणी साचू द्यायचं नाही, हे हर्ण्यात दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही माहीत असतं. ह्यात बांगडा पालीपर्यंत पोचला नसता, आणि ही अझीमचं काळीज पुण्याला न्यायला निघाली होती.

त्याने पाणी ओतून दिलं. पहाटेच मिरकरवाड्याच्या कारखान्यातून घेतलेला बर्फाचा चुरा पिकअपमध्ये होता, तो थरावर थर दाबून भरला. मग लांबच्या सुरमईसाठी त्याचा बाप करायचा तसं जाडं मीठ घेतलं. मिठाने बर्फ कडक होतो, साधा बर्फ नुसता गार, मिठाचा बर्फ बोट बधिर करतो. एक मूठ, दोन मुठी. आणि तूबासाठी म्हणून तिसरी. नळी मधोमध दाबून बसवली आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. नम्रताला सांगावं असं एकदा मनात आलं, पण बिचारीला ओशाळायला होईल म्हणून तो गप्प राहिला. पुण्याला पेटी उघडतील तेव्हा कळेलच, कुणी भरली होती ते. त्या विचाराने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

नम्रता आली, गाडी निघाली, आणि हातखंब्यापर्यंत तो मजेत होता. पालीजवळ त्याने सहज विचारलं की बाय, हे अजून कडक थंड केलं असतं तर जास्त टिकलं असतं, नाही का? त्याला थोडी शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

"अहो नको," नम्रता म्हणाली. "शून्याच्या खाली जाता कामा नये. बर्फाच्या पाण्यात ते बरोबर राहतं, म्हणून मुद्दाम पाणी ठेवलंय. गोठलं की पेशींच्या आतल्या पाण्याचे खडे होतात आणि पेशी फुटतात. मग तो तुकडा जिवंत म्हणून काही कामाचा नाही. सरांनी मला दहा वेळा बजावलंय."

अस्लमने मान हलवली. पुढच्या ट्रकला त्याने उगाचच हॉर्न दिला. नम्रता गुहागरच्या आपल्या घराबद्दल, यंदा सुपारी कशी गळाली त्याबद्दल काही सांगत होती, आणि तो "हां, हां" करत होता. सांगावं. आत्ता सांगावं. नाणीज येईपर्यंत सांगू. नाणीज मागे पडलं. गोठलंच नसेल कदाचित. नळीला वरून प्लास्टिक आहे, द्रव औषधी आहे, कोण जाणे. पण तो कुणाला फसवत होता? तीन मुठी मिठात काय होतं हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

भावाची छाती पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. तुकडा एकच होता.

साखरप्याला तो चहासाठी थांबला. नम्रता आत तोंड धुवायला गेली तशी त्याने मागे जाऊन चिकटपट्टी काढली आणि चुऱ्यात हात घातला. नळी दगडासारखी झाली होती. आतला द्रव पांढरा पडला होता आणि तुकडा त्यात अडकून बसला होता. पिकअपमध्ये पिण्याच्या पाण्याची बाटली होती. ती कधी हातात आली आणि टोपण कधी निघालं, ते त्याला कळलं नाही. मिठाचा बर्फ काढायचा, साधा भरायचा, वर पाणी ओतायचं. घाट चढेपर्यंत नळी वितळेल, आतला द्रव पहिल्यासारखा नितळ दिसेल. यंत्र बंद पडलेलं. कुणाला कळणारसुद्धा नाही.

आणि तेव्हा त्याला त्या दोन खराब पेट्या आठवल्या. तीच गोष्ट होती. गोठून वितळलेली पापलेटं त्याने ताजी म्हणून दिली होती. वरून काय दिसत होती, डोळे चकचकीत, कल्ले लाल! गिऱ्हाईक हसत घेऊन गेलं. तव्यावर टाकल्यावर त्यांचा लगदा झाला. वितळलेला माल वरून ओळखू येत नाही, म्हणूनच तर तो विकता येतो.

बाटलीचं टोपण त्याने परत लावलं. गोठलेलं गोठलेलंच राहावं म्हणून वर आणखी चुरा आणि उरलेल्या मिठातली एक मूठ टाकून त्याने झाकण बंद केलं. नम्रता आली, चहा झाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तूबा होती. चाचांना शुद्ध आली का, तुम्ही जेवलात का, असं सगळं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "अब्बा, पेटी नीट हाय ना?"

"हो," अस्लम म्हणाला.

आयुष्यात तो कमी खोटं बोलला होता असं नाही. मासळीच्या धंद्यात सगळं खरं बोलून चूल पेटत नाही. पण ह्या एका 'हो'नंतर आंबा घाटाची दोन वळणं त्याला नीट दिसलीच नाहीत. तिसऱ्या वळणावर त्याने गाडी कठड्याला लावली आणि इंजिन बंद केलं.

"बाय, मी त्यात मीठ घातलांय."

नम्रताला आधी कळेचना. मग त्याने सगळं सांगितलं. पाणी ओतलं, चुरा, तीन मुठी, साखरप्याची चौथी. ती ओरडली नाही. उतरून मागे गेली, पेटी उघडली, दोन बोटांनी नळी वर काढून उजेडात धरली आणि लगेच परत बर्फात खुपसली. तिचा चेहरा उतरला होता. वर्षभर कागदपत्रं करून, समित्यांपुढे बसून तिने हा एक तुकडा मिळवला होता.

"किती वाजता घातलंत?"

"सव्वाअकराला."

"म्हणजे पालीला मी सांगितलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिने पेटीचं झाकण लावलं आणि पुढे येऊन बसली. घाटात फोनला रेंज नव्हती. वरचं आंबा गाव दहा मिनिटांवर होतं. तिथे रेंज आली तशी तिने पुण्याला आपल्या वरिष्ठांना, गुरुप्रसाद सरांना, फोन लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला. सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. गोठल्यापासून एकदा तरी वितळलंय का?

नम्रताने अस्लमकडे बघितलं.

"नाय," अस्लम म्हणाला. "साखरप्याला वितळवणार होतो. पाण्याची बाटली उघडली होती. ओतलां नाय."

हे सांगायची तशी काही गरज नव्हती. पण एकदा तोंड उघडलं होतं, आता अर्धं आत ठेवून त्याला पुढे गाडी चालवता आली नसती.

सर म्हणाले, जिवंत पेशी तर गेल्या. मात्र पेशीच्या पोटात केंद्रक असतं, सगळा मजकूर तिथे असतो, आणि पेशी फुटली तरी ते बरेचदा टिकतं. हृदयाच्या स्नायूपेशी अशाही आमच्या थेंबात मावत नाहीत एवढ्या मोठ्या असतात, त्यांची केंद्रकंच वाचावी लागतात. हळूहळू गोठल्यामुळे काही बिघडली असतील. पण आता वितळलं तर उरलेलीही जातील. काहीही करा, वितळू देऊ नका. मिठावर पुण्यापर्यंत भागणार नाही, जवळपास कुठे द्रव नायट्रोजन मिळतो का बघा.

फोन ठेवून नम्रता हताश हसली. इथे शाहूवाडीच्या डोंगरात तो कुठून आणायचा? कोल्हापूरला मिळेल, पण तिथे पोचून शोधेपर्यंत चार वाजतील.

"त्यातनं धूर येतो तोच काय?" अस्लमने विचारलं. "झाकण काढला की पांढरा धूर खाली सांडतो?"

"हो. का?"

"मलकापुरात भागोजीकडे हाय. गाईम्हशींच्या डॉक्टरच्या हाताखाली असतो तो. मी त्याला दर पंधरा दिवसांनी सुकट देतो."

नम्रताने कपाळावर हात मारला. वळूच्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. गुहागरला त्यांच्या घरीही ते भांडं घेऊन माणूस यायचा, ती लहान असताना तो धूर बघायला धावायची. रत्नागिरीतही कुठल्याही जनावरांच्या दवाखान्यात तो मिळाला असता. पीएचडी झाल्यापासून नायट्रोजन म्हणजे फक्त प्रयोगशाळेतला, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. ती हे मोठ्याने म्हणाली, आणि पालीपासून पहिल्यांदा अस्लमला श्वास नीट घेता आला. चूक करणारा तो एकटाच नव्हता, हे ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मलकापूरपर्यंतचा रस्ता त्याने असा कापला की नम्रता दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती. भागोजी जेवत होता. त्याला अर्धं समजलं, अर्धं नाही, पण माणसाच्या काळजाचा तुकडा आहे एवढं कळल्यावर तो उष्ट्या हाताने उठला. दौऱ्यावर न्यायचं लहान भांडं त्याने पुढे केलं आणि म्हणाला की आत एका मुऱ्हा जातीच्या रेड्याच्या कांड्या आहेत, त्या काढून ठेवतो, उगाच पाहुण्यांना अडचण नको. कुणी हसलं नाही. नम्रताने चिमट्याने नळी उचलली. चुऱ्यातून भांड्यापर्यंत हातभर अंतर होतं, पण अस्लमने तेवढ्या वेळात डोळे मिटून घेतले. कानावर चर्रर्र आवाज आला. डोळे उघडले तेव्हा पांढरा धूर भांड्याच्या तोंडावरून खाली सांडत होता.

पुण्याला ते रात्री आठला पोचले. नम्रताने फॉर्म भरला. त्यात नमुना कधी गोठला, कशात गोठला, आणि किती वेळाने कळवलं, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात तिने दोन तास लिहिलं आणि कागद अस्लमला वाचायला दिला. त्याने वाचून मान हलवली.

मग महिने गेले. अझीम बरा होऊन बंदरावर जायला लागला. जाळं ओढायची मनाई, लिलावात बोलायची परवानगी. तो आरडाओरडा पुरेपूर करायचा. तूबाची बारावी झाली. अस्लम पाचही नमाजांना एकच मागत होता, उत्तर मिळू दे. ऑगस्टात होड्या पुन्हा दर्यात गेल्या, त्याच आठवड्यात नम्रताचा फोन आला की मी स्वतः येते. फोनवर सांगत नाही म्हणजे काय ते समजायचं, असं हमिदा म्हणाली आणि उठून आत गेली.

नम्रता त्याच चटईवर बसली. त्या तुकड्यातली बरीच केंद्रकं फुटलेली निघाली, तिने सांगितलं, पण चार हजारांवर नीट वाचता आली, आणि त्यातली नऊशे स्नायूंची. बाकी सगळ्या पेशी ठीक आहेत. स्नायूंच्या पेशी मात्र तो जनुक तुटका वाचतायत, एक नाही, दोन नाही, बहुतेक सगळ्या. दुसऱ्या प्रयोगशाळेतही पडताळून घेतलं. बदल घातक आहे.

अस्लमने उत्तर मागितलं होतं. कुठलं हवं, ते मागायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे चाचासारखां मनापण होणार," तूबा म्हणाली.

होईलच असं नाही, कधी तेही सांगता येत नाही, नम्रता म्हणाली. पण आता डॉक्टर तुला आणि अब्बांनाही दर सहा महिन्यांनी तपासतील, आणि तुझ्या छातीत एक लहान यंत्र बसवायचं का, ते ठरवतील. ठोके बिघडले तर ते यंत्र हृदयाला झटका देऊन वळणावर आणतं. तुझ्या मधल्या चाचांना तेवढंही मिळालं नाही. तूबाने ते ऐकून घेतलं. ती रडली नाही, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने विचारलं की त्या दिवशी तो तुकडा वितळला असता तर?

"तर काहीच वाचता आलं नसतं," नम्रता म्हणाली. "आणि तू काही न कळता अजून जिने चढत असतीस."

तूबा बापाकडे वळली. "त्या दिवशी मी फोनवर विचारलां होता, पेटी नीट हाय का. तुम्ही हो बोललात."

"खोटा बोललो."

"मग ह्यांना खरां कशाला सांगितलांत?"

अस्लमने हाताच्या तळव्याकडे बघितलं. मीठ हाताळून हाताळून तिथली कातडी पांढरी पडली होती.

"तू विचारलांस म्हणून," तो म्हणाला.

तूबा उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्याचा तो हात आपल्या मांडीवर घेतला.